बाहेरच्या अंगाची बुरणूस

काठी

लोकर झोडायला बसलं की आधी खांदा दुखतो, मग कंबर दुखते आणि मग काहीच दुखत नाही, माणूसच काठी होऊन जातो, असं यांजिनचे वडील म्हणायचे. यांजिनची गाडी अजून खांद्यापाशीच अडली होती.

"वन्सं, लोकर झोडायचीय. थोपटून निजवायची नाहीये तिला," दुलमावहिनी म्हणाली.

शेजारच्या लोदोयकाकांची बायको फिसकन हसली. ती आणि वहिनी समोरासमोर बसल्या होत्या. मधे गाईचं कातडं, कातड्यावर लोकरीचा ढीग, दोघींच्या दोन्ही हातांत वाळुंजाच्या लांब काठ्या. एक काठी वर गेली की दुसरी खाली यायची. सटक्, सटक्. प्रत्येक फटक्याला धूळ उडत होती, लेंड्यांचा चुरा उडत होता, गवताची कुसळं उडत होती, आणि लोकर हळूहळू फुगत होती. यांजिनच्या काठ्या मधेच एकमेकींवर आपटायच्या आणि लय तुटायची.

"शहरात कशानं झोडतात गं?" काकूंनी विचारलं.

"झोडत नाहीत काकू. कारखान्यातून तयार बुरणूस येते. मी ती कापते आणि टाचते."

"म्हणजे शिवणकाम."

"तसंच काहीसं."

"आणि ती भिंतीला लावतात?"

"हो."

"वारं अडवायला?"

यांजिनने काठी खाली ठेवून तळहातावरचा फोड बघितला. "बघायला लावतात, काकू."

"बघायला," काकू म्हणाल्या, आणि पुन्हा झोडू लागल्या.

उन्हाळा सरत आला होता. तामीर नदीच्या काठचं गवत बुडाशी पिवळं पडलं होतं. दुपारच्या उन्हात लोकरीचा तुपट, कोंदट वास तोंडात उतरत होता. यांजिन चाळिशीला आली होती. गेली वीस वर्षं ती शहरात होती, आणि त्या वीस वर्षांत हा वास तिला फक्त ओल्या कुत्र्यांपाशी आला होता.

सोडनोमदादा गेरच्या मागे उभा राहून भिंतीकडे बघत होता. गेर म्हणजे त्यांचं गोल घर. लाकडी जाळी उभी करायची, तिच्यावर लोकर दाबून केलेल्या जाड बुरणुशी गुंडाळायच्या, वर कापड. वायव्येच्या अंगाची बुरणूस पार चाळण झाली होती. वरचं कापडही तिथं हिवाळ्याच्या वाऱ्यानं फाटून लोंबत होतं. वहिनीनं भोकांत जुने पायमोजे, फाटक्या डगल्याच्या बाह्या, पिठाचं पोतं असं काय काय कोंबलं होतं. त्याच अंगाला आतून आईची खाट होती.

आणि या साली लोकर होती एवढीच.

गेल्या हिवाळ्यात बर्फावर पाऊस पडला आणि पावसावर पुन्हा बर्फ. गवत काचेखाली गेलं. मेंढरं खुरांनी काच फोडत राहिली, मग फोडायची थांबली. त्याला तिकडं झुड म्हणतात, आणि त्यापुढं कुणी जास्त बोलत नाही. उरलेल्या मेंढरांची लोकर कातरली ती एका बुरणुशीपुरती निघाली. दादानं फोनवर सांगितलं होतं, "लोकर तुझी. तुझं प्रदर्शन होऊन जाऊ दे. भिंतीसाठी मी तालुक्याहून कारखान्याची आणतो."

कारखान्याची बुरणूस थंडीत पापडासारखी कडक होते आणि वारं तिला जुमानत नाही, हे यांजिनला माहीत होतं. दादालाही माहीत होतं. वहिनीला तर होतंच.

"झोडा, वन्सं," वहिनी म्हणाली. "प्रदर्शन थांबलंय तुमचं."


मायबुरणूस

"मला माझ्या आईनं शिकवलं," असं यांजिन मुलाखतींत सांगायची. ते खोटं नव्हतं. फक्त शिकली तेव्हा ती फार लहान होती, आणि शिकवलेलं तिनं पुन्हा कधी केलं नव्हतं. शहरातल्या तिच्या खोलीत मोठं टेबल होतं, सुया होत्या, कात्र्या होत्या, डिंक होता. तिची कामं लोकांना आवडायची. भटक्यांची परंपरा, डोंगर, वारा, असं कायकाय लिहिलं जायचं त्यांच्याबद्दल. मागच्या प्रदर्शनात एक म्हातारे चित्रकार आले. तिच्या सर्वांत मोठ्या कामापुढं उभे राहिले, कडेवरून दोन बोटं फिरवली, आणि म्हणाले, "काम सुबक आहे. आई नाही याला."

आणि निघून गेले.

त्यांना काय म्हणायचं होतं ते यांजिनला तिथंच कळलं, आणि मान खाली गेली. नवी बुरणूस नुसत्या जमिनीवर होत नसते. जुन्या बुरणुशीच्या पोटावर लोकर मांडायची, तिच्यासकट गुंडाळायची, तिच्याबरोबर लोळवायची. जुनी ती माय, नवी ती लेक. माय नसलेली बुरणूस म्हणजे नुसतं कापड.

म्हणून ती आली होती. शहरातल्या एका मोठ्या कलासंस्थेनं तिच्यासाठी एक गोल दालन बांधलं होतं, गेरसारखं. माणसानं दारातून आत यायचं, डाव्या हाताला वळायचं आणि भिंतीकडेनं सूर्याच्या चालीनं फेरा घालून बाहेर पडायचं, जसं कुणाच्याही घरात शिरतात तसं. आणि भिंतीवर एकच लांब बुरणूस. तिच्यावर वडिलांच्या घोड्यांचा कळप, त्या माणसांबरोबर चालणारा. खरा कळप झुडमध्ये गेला. वडील त्याच्या बरेच आधी गेले होते. सगळे म्हणायचे, बरं झालं, बघावं लागलं नाही.

आई मायबुरणूस घेऊन बाहेर आली. आईचं नाव चिमेद, पण त्या नावानं तिला हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. तिच्या डोळ्यांवर सारा आला होता, उजेड आणि सावली एवढंच दिसायचं. तिनं मायबुरणूस गवतावर उलगडली, हातानं चाचपून तिचं डोकं कुठलं, पाय कुठले ते ठरवलं, आणि बोटं दुधात बुडवून चारी कोपऱ्यांवर शिंपडली.

"कोरडी झालीय बिचारी," आई म्हणाली. "कितीतरी दिवसांत बाळंतपण नाही."

"तुमचंही नाही, आजी," लोदोयकाका म्हणाले.

"तुझ्या बायकोला विचार आधी तिचं शेवटचं कधी झालं."

काकूंनी काकांच्या पाठीत काठी मारली. सगळे हसले. यांजिनही हसली, आणि हसताना तिला एकदम आठवलं की असा दिवस म्हणजे हेच असायचं. काम कमी, तोंडं जास्त. वडील मधे बसून कुणाची कुणाशी लावून द्यायचे आणि स्वतः नामानिराळे व्हायचे.

मग ती गुडघ्यांवर बसली आणि मांडू लागली.

बुरणुशीचं तोंड खाली असतं, मायीकडे. चित्र आधी, पांढरं नंतर. हे ती विसरली नव्हती. काळी लोकर, तपकिरी लोकर, आणि वडिलांच्या घोड्यांचा तो मातकट पिवळा रंग जमवण्यासाठी दोन्हींत कालवलेली पांढरी. एकेक घोडं ती बोटांनी दाबून बसवत होती. पुढं म्हातारी घोडी, मान खाली घातलेली. तिच्यामागं शिंगरं. मग जवान घोडी, एकमेकांच्या पाठीवर हनुवटी टेकलेली. सगळी डावीकडून उजवीकडे.

"काय मांडतेयस?" आईनं विचारलं.

"घोडी."

"कुठं चाललीत?"

"सूर्याबरोबर, आई."

"मग चालू देत."

दादा वाकून बघत होता. "हे पुढचं अप्पांचं ना? एका कानाचं?"

"दुसरा कान अजून लावायचाय, दादा."

"नको लावू. लांडग्यानं नेला होता तो."

तिनं कान लावला नाही.

लोदोयकाकाही येऊन बघून गेले. त्यांनी मान एकदा इकडं, एकदा तिकडं कलती केली, काहीतरी विचारायला तोंड उघडलं, आणि मग ही शहरातून शिकून आलेली बाई आहे, हिला ठाऊक असेल, असं वाटून मिटलं. ते त्यांनी नंतर सांगितलं.


पाणी

पांढरी लोकर वरून यायला लागली.

वहिनी आणि काकू दोन बाजूंनी बसल्या आणि झोडलेली लोकर चिमटीनं, पातळ पातळ, सोडू लागल्या. एक थर. यांजिनने पाण्याच्या भांड्यात खराटा बुडवून शिंपडलं. पुन्हा एक थर. पहिल्या थरानंतर घोडी धुक्यातून दिसावीत तशी दिसत होती. दुसऱ्यानंतर नुसत्या पाठी. तिसऱ्या थरात म्हातारी घोडी गेली, मग शिंगरं, एकेक करून.



दादानं टोपी काढून हातात घेतली. आपण ती काढली हे त्याच्या लक्षातही आलं नसावं. वहिनीचा हात चालत होता, पण ती लोकरीकडे बघत नव्हती, नदीपलीकडे बघत होती. हिवाळ्यात तिनंच तिकडं जाऊन, गुडघाभर बर्फातून, पडलेली घोडी ओळखून घेतली होती. दादाला जायचं धैर्य झालं नव्हतं.

"पाणी कमी पडतंय," वहिनी शेवटी म्हणाली. "शिंपडा नीट, वन्सं. रडताय काय."

"रडत नाहीये."

"मग माझ्या हातावर कुठून पडलं?"

मग सगळं पांढरं झालं.


घोडा

मायीसकट बुरणूस लाकडाच्या दांड्याभोवती गुंडाळली. त्यावर याकचं ओलं कातडं, त्यावर चामड्याच्या वाद्या. ओंडका झाला, दोन माणसांनी कवेत घ्यावा असा. दोन्ही टोकांना दोर, दोर लोदोयकाकांच्या घोड्याच्या खोगिराला.

आईनं आयरागचा वाडगा मागवला. घोडीचं आंबवलेलं दूध. या साली तेही शेजाऱ्यांकडून आणलेलं. ती ओंडक्यापाशी उभी राहिली आणि आशीर्वाद म्हणू लागली.

"बाळे, बर्फाहून पांढरी हो..."

"बर्फाचं नाव नको, आजी, या साली," काका म्हणाले.

"बरं. दुधाहून पांढरी हो. हाडाहून टणक हो. पाऊस तुझ्या पाठीवरनं..." आईला खोकला आला. तो बराच वेळ चालला. वहिनीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि फिरवताना यांजिनकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. "...पाठीवरनं ओघळून जावो. वारा तुझ्यापाशी येऊन परत फिरो. ज्याच्या घरी जाशील त्याचं..."

"पोट भरो," काकूंनी पुरं केलं.

"मी म्हणत होते ना."

"तुम्ही खोकत होता."

आयराग ओंडक्यावर ओतला गेला. दादानं लगाम यांजिनपुढं धरला.

"मी?" ती म्हणाली.

"मग कोण? लेक कुणाची आहे?"

ती घोड्यावर बसली. किती वर्षांनी बसली ते तिच्या मांड्यांनी लगेच सांगितलं. घोडं चार पावलं चाललं आणि मागून ओंडका धडधडत आला, गवतातून गुरगुरत, लोळत, पाणी गाळत. घोडं बिचकलं. तिनं आवळून धरलं. माळाच्या टोकापर्यंत जायचं, वळायचं, परत यायचं. वाद्या ढिल्या झाल्या की थांबायचं, दादानं आवळायच्या, पुन्हा निघायचं. लहानपणी वडील तिला पुढ्यात बसवून हे करायचे. त्यांच्या डगल्याच्या छातीला तिची पाठ टेकलेली असायची, आणि ओंडक्याची धडधड आधी त्यांच्यात आणि मग त्यांच्यातून तिच्यात उतरायची. ती तेव्हा म्हणायची, अप्पा, तुमच्या पोटात कुणीतरी चालतंय.

आता मागे छाती नव्हती. धडधड खोगिरातून थेट येत होती. तरी ती तीच होती, आणि ती थांबू नये असं तिला वाटलं. दादानं दोनदा हात केला तरी तिनं आणखी एक फेरा मारला.


उलगडणं

वाद्या सोडल्या. कातडं सोललं. ओंडका गवतावर ढकलत उलगडत नेला. वाफ निघत होती त्याच्यातून. आईनं मायीची कड धरली, यांजिनने लेकीची, आणि दोघींनी दोन बाजूंना सावकाश ओढलं. बुरणूस मायीपासून सुटताना बारीक चरचर आवाज आला.

"सुटली," आई म्हणाली. "उताणी करा. तोंड बघू दे तुम्हांला. मला सांगा."

चौघांनी चार कोपरे धरून ती उताणी केली.

घोडी होती. लोकरीत जिरून, कडा विरघळून, अशी आली होती की कुणी मांडली असं वाटेना, उगवली असं वाटे. एका कानाची म्हातारी घोडी. हनुवटी टेकून चालणारी जवान घोडी. यांजिनच्या सुयांना आणि कात्र्यांना हे कधी जमलं नव्हतं. ती बघत राहिली.

"अगं बाई," काकू म्हणाल्या.

मग लोदोयकाका म्हणाले, "मागं फिरली की ही."

घोडी उजवीकडून डावीकडे चालली होती.

पालथं मांडलेलं उताणं केलं की उजव्याचं डावं होतं. यात कळायला अवघड काही नाही. पण या घरात बुरणूस नेहमी कोरी पांढरी होत आली होती, आणि पांढऱ्याला उजवं-डावं नसतं. शहरातल्या टेबलावर यांजिन चित्र तोंड वर ठेवून करत आली होती. दोन्हीकडचं थोडं थोडं तिच्याजवळ होतं, आणि दोहोंच्या मधल्या फटीत सगळा कळप उलटा वळला होता.

"काय झालं?" आईनं विचारलं. "कुणी बोलत का नाही?"

"आतल्या भिंतीला लावली," काका हळूच म्हणाले, "तर दारातून आलेल्या माणसाच्या अंगावर येतील घोडी. सूर्याच्या उलटी. मी तर माझ्या घरात नाही लावणार बाबा. तुमचं तुम्ही बघा."

काकूंनी तोंड फिरवलं. यांजिन वहिनीच्या टोमण्याची वाट बघत उभी राहिली. टोमणा आला नाही. वहिनी नुसती म्हणाली, "यांजिन, बस जरा खाली," आणि ते जास्त लागलं.

"अरे, शहरात कुणाला काय कळतंय?" दादा मोठ्यानं म्हणाला. "झ्याक झालीय. माझ्या आयुष्यात अशी बुरणूस बघितली नाही मी. परवा गाडी येईल, गुंडाळायची, पाठवायची. लोकर तुला दिली म्हणजे दिली."

उन्हात बुरणूस वाळू लागली. सगळी लोकर तिच्यात होती. दुसरी करायला पुढच्या उन्हाळ्यापर्यंत मेंढरांच्या अंगावर काही यायचं नव्हतं.


टेकाड

फोन टेकाडावरच लागतो. यांजिनने फोटो पाठवला आणि आनुदारीला फोन केला. आनुदारी संस्थेत प्रदर्शनं मांडायची. तरुण, हुशार, आणि भराभर बोलणारी.

"ताई! हे कसलं भारी झालंय!"

"उलटं झालंय, आनुदारी."

"तेच म्हणतेय मी! माणसं एकीकडं चालतात, घोडी दुसरीकडं. सोडून चाललेली घोडी. झुडवर याहून बोलकं काय असणार? मी भिंतीवरचा मजकूर आजच बदलते."

"अगं, ती चूक आहे. मला अशी नको होती."

"चूक आहे असं आपण म्हणायचंच नाही ना. कुणाला कळणारेय?" मग तिचा आवाज खाली आला. "ताई, खरं सांगू? तुमचं आजवरचं सगळ्यात चांगलं काम आहे हे. मला फोटोतसुद्धा कळतंय. गाडी आज निघतेय. तुम्ही फक्त नीट गुंडाळून ठेवा."

यांजिन टेकाडावरून उतरू लागली. उतरताना तिला हलकं वाटलं. आणि आपल्याला हलकं वाटलं, हे थोडं खाली आल्यावर तिला टोचायला लागलं. अर्थ लावून झाला होता. घोडी सोडून चालली होती, असं लिहिलं जाणार होतं, लोक वाचून माना डोलावणार होते. ते म्हातारे चित्रकारही येतील, कडेवरून बोटं फिरवतील, आणि यावेळी त्यांना माय लागेल.

पण घोडी सोडून गेली नव्हती. शेवटी नदीपलीकडून ती परतायच्याच वाटेवर होती. वहिनीला ती सापडली ती सगळी घराकडे तोंड केलेली.


वाडगा

संध्याकाळचा चहा चुलीवर होता. मीठ, दूध, वर थोडं लोणी. आई खाटेवर पाय घेऊन बसली होती. तिच्या पाठीमागं भोकातून पायमोज्याचं एक टोक वाऱ्यानं हलत होतं.

"डाव्या हाताला चाललीत म्हणे घोडी," आई म्हणाली.

"हो, आई."

"वाडगा दे इकडं. रिकामा."

यांजिनने वाडगा दिला. आईनं तो मांडीवर ठेवला, यांजिनचं बोट धरलं आणि वाडग्यात घातलं. "ही भिंत. तू घरात बसलीयस, समोर बघतेस. फिरव बोट डाव्या हाताला."

यांजिनने फिरवलं.

"उलटं जातंय ना? आता बाहेर ये. दाराबाहेर. बाहेरून भिंतीकडे बघ. फिरव डाव्या हाताला."

यांजिनचं बोट वाडग्याच्या बाहेरच्या अंगावरून फिरलं. डावीकडे. सूर्याच्या चालीनं.

तिनं बोट पुन्हा आत घातलं, पुन्हा बाहेर काढलं. दादा वाकून बघायला लागला. त्यानंही एक वाडगा घेतला.

"अगं, ती बाहेरच्या अंगाची बुरणूस आहे," आई म्हणाली. "तू तिला आतली समजून बसलीस. तुझ्या त्या दालनाला बाहेरचं अंग असेल ना? तिथं लाव."

"बाहेर काच आहे, आई. खाली रस्ता आहे, गाड्या."

"मग तिथं काय करणार ती," आई म्हणाली, आणि वाडगा चहासाठी पुढं केला.

पायमोजा हलत होता. वहिनी चहा ओतत होती आणि मुद्दाम कुणाकडे बघत नव्हती.

"इथं लावू," यांजिन म्हणाली. "आईच्या मागं."

"वेडी झालीस?" दादा म्हणाला. "बाहेर? ऊन, पाऊस, बर्फ. शेळ्या अंग घासतील. दोन हिवाळ्यांत तुझ्या घोड्यांची नुसती माती होईल. चांगलं नाव होतंय तिकडं."

"वरचं कापड तिथं तसंही फाटलंय. ती दिसेल."

"कुणाला दिसेल? लोदोयला?"

वहिनीनं भांडं ठेवलं. "हे बघा वन्सं, आमच्यावर उपकार म्हणून काही नको. हिवाळा आम्ही काढू. आजवर काढलाच आहे. उद्या तिकडं जाऊन म्हणाल, भावाच्या घरच्या भोकापायी माझं प्रदर्शन गेलं."

"म्हणेन कदाचित."

"बघा!"

"पण आत नाही लावता येत मला ती, वहिनी. मी काय करू? तिथं लावली की ती दुसरंच काहीतरी सांगते. ते खरं नाहीये. तुम्ही तर स्वतः बघून आलात, कुठं तोंडं होती त्यांची."

वहिनीनं लोण्याचं भांडं पुढं ओढलं.

"घराकडं होती," ती म्हणाली. मग तिनं यांजिनच्या वाडग्यात लोण्याचा दुसरा गोळा टाकला, जो पाहुण्यांना टाकत नाहीत.

टेकाडावर पुन्हा जाऊन यांजिनने फोन केला. आनुदारी आधी हसली, मग तिला वाटलं तब्येत बिघडली असेल, मग ती चिडली. पत्रिका छापून झाल्या होत्या. दालन बांधून झालं होतं. शेवटी ती थंडपणे म्हणाली, "भिंत मी दुसऱ्या कुणाला देईन, ताई. आणि पुढच्या वेळी तुमचं नाव सुचवणं मला जड जाईल."

"बरोबर आहे तुझं," यांजिन म्हणाली. तिनं फोन ठेवला. ती तिथंच गवतात बसून राहिली. वीस वर्षं अशा भिंतीची वाट बघितली होती.


दोर

जुनी बुरणूस उतरवताना धूळ, पायमोजे, बाह्या सगळं खाली पडलं. उघड्या जाळीतून आईची खाट दिसली, आई आत बसलेली दिसली. नवी जड होती. दादा आणि काका दोन टोकांना, यांजिन मधे डोक्यानं रेटत. घोडी बाहेर तोंड करून भिंतीवर चढली. वहिनीनं घोड्याच्या केसांचा दोर भोवती टाकला.

"ओढा, वन्सं. घट्ट. ही काय बघायला लावायचीय?"

यांजिनने पाय रोवला आणि ओढलं. तळहातावरचा फोड फुटला.

आईला बाहेर आणलं. ती एका हातानं भिंत चाचपत चालली, घोड्यांबरोबर, सूर्याबरोबर. एका ठिकाणी थांबली.

"हे काय आहे? उंट?"

"घोडं आहे, आई."

"कुणाचं? आपलं नव्हे."

"आपलंच आहे."

"असेल बाई," आई म्हणाली, आणि त्या घोड्याच्या पाठीवर थाप मारून पुढं गेली.

दुपारी गाडी आली. फोन होण्याआधीच ती शहरातून निघाली होती आणि वाटेत ड्रायव्हरला निरोप मिळाला नव्हता. ती वायव्येकडून, नदीच्या उतारावरून आली आणि गेरच्या मागच्या अंगाला थांबली. सगळे आत चहाला बसले होते. गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही. मग पावलं, भिंतीला लागून, संथ, थांबत थांबत, पुन्हा चालत. आईच्या पाठीमागून ती उत्तरेला गेली, उत्तरेकडून पूर्वेला, आणि पार फिरून दारात आली.

दार दक्षिणेला होतं, वायव्येकडून पश्चिमेच्या अंगानं ते जवळ पडलं असतं. हा लांबून आला.

ड्रायव्हर पोरगेलासा होता, शहरी बुटांचा. वाकून आत आला, नमस्कार करून म्हणाला, "काय न्यायचंय?"

"काही नाही," यांजिन म्हणाली. "बसा. चहा घ्या."

"एवढ्या लांबून फिरून आलात?" वहिनीनं वाडगा भरत विचारलं. "पलीकडून जवळ होतं की."

"हो का?" त्यानं मागं वळून भिंतीकडे पाहिलं. आतून ती कोरी पांढरी होती. "घोडी इकडून चालली होती. मी आपला त्यांच्याबरोबर आलो."